‘गेम भारी आहे’ असं म्हणणाऱ्याचा लॅपटॉप कोणता, ते आधी विचारा

दिवाळीच्या आसपास, सोयाबीनचे पैसे हातात आले की शिरूर अनंतपाळ, साकोळ, येरोळ, निलंगा या पट्ट्यातून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. गांधीबाबांच्या नावानं जिथं यात्रा भरते त्या उजेडमधूनही बंदुकीच्या गेमबद्दल विचारणा होते, याची आता गंमत वाटेनाशी झाली आहे. प्रश्न असा असतो: ‘सायबरपंक २०७७ घ्यायचा आहे. स्टीमवर लोक डोक्यावर घेतात, पण पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो पैसे पाण्यात. यूट्यूबवर एक जण म्हणतो दशकातला सर्वोत्तम गेम, दुसरा म्हणतो फसवणूक. खरं कोणाचं?’

बहुतेक वेळा चौघांचंही खरं असतं. चौघांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या यंत्रांवर तो गेम खेळलेला असतो, इतकंच. हा लेख अशा गेमपुरता आहे, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून जग दिसतं, हातात बंदूक असते, पण खरा जीव कथेत आणि तुम्ही घेतलेल्या निर्णयांत असतो, असे गेम. क्रिकेट, रेसिंग किंवा बीजीएमआयसारख्या गेमना यातलं सगळं लागू होणार नाही.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

‘गेम चांगला आहे का?’ या एका वाक्यात दोन प्रश्न लपलेले असतात.

१. हा गेम माझ्या यंत्रावर नीट चालेल का?
२. याची कथा, यातली माणसं, यातले निर्णय मला आवडतील का?

पहिल्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला दोन तासांत मिळतं आणि बहुतेक दुकानं तेवढ्या वेळात पैसे परतही देतात. दुसऱ्याचं उत्तर दोन तासांत मिळत नाही. सायबरपंकमध्ये खेळाडू आपलं पात्र घडवण्यातच सहज अर्धा तास घालवतो आणि गेमचं नाव पडद्यावर झळकतं ते पहिली मोठी चोरी पार पडल्यावर, म्हणजे कित्येक तासांनंतर. तोवर रिफंडची मुदत कधीच संपलेली असते. म्हणून कथेसाठी इतरांची मतं वाचायची आणि यंत्रासाठी स्वतःचे दोन तास वापरायचे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा माणूस चार जणांना विचारतो, पण दात स्वतः उघडून बघतो. आपल्याकडची पोरं नेमकं उलटं करतात. ‘माझ्या लॅपटॉपवर चालंल का’ हे यूट्यूबवाल्याला विचारतात आणि कथेबद्दल कुणालाच विचारत नाहीत.

सायबरपंकचं नेमकं काय झालं

हे प्रकरण नीट समजून घ्या. मतं कशी बदलतात हे याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या गेमने दाखवलेलं नाही.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१२ मध्ये हा गेम जाहीर केला. त्यांचा आधीचा ‘विचर ३’ गाजलेला होता, त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकल्या. २०१८ मध्ये कंपनीने सांगितलं की हा गेम पात्राच्या पाठीमागून न दिसता त्याच्या डोळ्यांतून दिसेल, तेव्हा गेम हातात नसतानाच खेळाडूंचा एक मोठा गट नाराज झाला. त्या नाराजीतून आलेली मतं आजही फिरत असतात. १० डिसेंबर २०२० ला गेम आला तेव्हा ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. गेम येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत दिली गेली होती आणि स्वतः चित्रित केलेली दृश्यं दाखवायला मनाई होती. त्यामुळे पहिली परीक्षणं कौतुकाची आली. प्रत्यक्षात जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम अडखळत होता, बंद पडत होता, माणसं हवेत तरंगत होती. चार दिवसांनी कंपनीने जाहीर माफी मागितली आणि पैसे परत घ्या म्हणून सांगितलं. १७ डिसेंबरला सोनीने सर्वांना पैसे परत देण्याचं जाहीर करून गेम आपल्या दुकानातूनच काढून टाकला. तो परत यायला २१ जून २०२१ उजाडलं. त्याच काळात दणकट पीसीवर खेळणारे लोक मात्र ‘बग आहेत, पण कथा जबरदस्त’ असं लिहीत होते. गेम एकच, आठवडाही एकच. यंत्र तेवढं वेगळं होतं.

पुढे दुरुस्त्या होत गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये याच जगावर बेतलेली ‘एजरनर्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि सोडून गेलेले खेळाडू परतले. २१ सप्टेंबर २०२३ ला २.० हा मोठा पॅच आला. कौशल्यांची पद्धत आणि पोलिसांचं वागणं त्यात मुळापासून बदललं. पाच दिवसांनी ‘फँटम लिबर्टी’ हा कथेचा नवा भाग आला. म्हणजे २०२० मधलं मत आणि २०२४ मधलं मत हे जवळपास दोन वेगळ्या गेमबद्दलचं आहे. पुण्यातल्या भावाने तो कधी खेळला आणि कशावर खेळला, हे विचारा. तो बहुधा खोटं बोलत नाही.

पण ‘आता सगळं सुधारलंय’ हेही अर्धंच खरं आहे. २.० पॅच जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला मिळालाच नाही, आणि पीसीवरची किमान गरज वाढली. पूर्वी साध्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या गेमला आता एसएसडी लागते. म्हणून घरात सेकंडहँड प्लेस्टेशन ४ असेल आणि कुणी ताजं कौतुक दाखवून डिस्क विकत असेल, तर ते कौतुक तुमच्या यंत्रासाठी लिहिलेलं नाही.

मत वाचण्याची रीत

स्टीमवरच्या एकूण शेऱ्याखाली बारीक अक्षरांत बरंच काही असतं. आपले लोक तिथपर्यंत जात नाहीत.

- टक्के म्हणजे गुण नव्हेत. ‘९५ टक्के सकारात्मक’ याचा अर्थ गेमला १०० पैकी ९५ मार्क मिळाले असा नाही. शंभरातल्या ९५ जणांनी अंगठा वर केला, एवढाच त्याचा अर्थ. ‘ठीक आहे, वेळ जातो’ म्हणणाऱ्याचाही अंगठा वरच असतो. जिथं ९५ आणि ९६ टक्क्यांत घरं रुसतात त्या लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगावं लागतं.
- एकूण आणि अलीकडची मतं वेगळी बघा. स्टीम गेल्या ३० दिवसांची मतं वेगळी दाखवतं. जुनी मतं वाईट आणि नवी चांगली असतील तर गेम सुधारला आहे. उलटं असेल तर एखाद्या नव्या पॅचने काहीतरी मोडलं आहे; थोडं थांबा.
- तास बघा. प्रत्येक मतासोबत, ते लिहिलं तेव्हा लेखक किती तास खेळला होता हे दिसतं. कथेबद्दल बोलणारा किमान वीस तास तरी आत गेलेला असावा. अर्ध्या तासात ‘चालूच होत नाही’ म्हणणाऱ्याचं मतही उपयोगी आहे, पण पहिल्या प्रश्नासाठी.
- फुकट मिळालेल्या प्रती ओळखा. गेम मोफत मिळाला असेल तर तसं मताखाली लिहिलेलं असतं. असं मत टाकून देऊ नका, पण पहिल्या क्रमांकावरही ठेवू नका.
- आलेखातला खड्डा तपासा. एखाद्या आठवड्यात वाईट मतांचा अचानक डोंगर दिसला तर त्यावर क्लिक करून तारीख बघा. कधी कारण गेममध्ये असतं, कधी कंपनीच्या एखाद्या निर्णयावरचा राग असतो. विषयाबाहेरच्या रागाची मतं २०१९ पासून स्टीम एकूण शेऱ्यातून वगळू शकतं.
- विनोद सोडून द्या. सर्वांत वर अनेकदा एका ओळीचा विनोदच असतो. हसा आणि खाली जा.

मधल्या मतांना मी सर्वांत जास्त मान देतो. अंगठा वर, पण दोन तक्रारी स्पष्ट लिहिलेल्या. किंवा अंगठा खाली, पण ‘कथा मात्र सुंदर’ अशी कबुली. ज्याला गेममध्ये एकही खोट दिसत नाही किंवा एकही गुण दिसत नाही, तो गेमबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त सांगत असतो.

आपल्या देशातल्या गेमबाबत आणखी एक पथ्य पाळा. २६ जानेवारी २०२१ ला ‘फौजी’ हा मोबाइल गेम आला तेव्हा पहिल्या लाटेत देशप्रेमाने पाच-पाच तारे पडले, आणि पब्जीसारखं काही नाही म्हटल्यावर थोड्याच दिवसांत मानांकन घसरलं. दोन्ही वेळा लोक गेम सोडून भलत्याच गोष्टीचं मोजमाप करत होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. तो बंदुकीचा गेम नाही, तरी मतं वाचण्याच्या सरावासाठी चांगला आहे. त्याचं रूप आणि संगीत बहुतेकांना आवडलं, लढाईबद्दल आणि अचानक संपण्याबद्दल तक्रारी आल्या. अभिमान बाजूला ठेवून लिहिलेली मतं त्यात शोधून काढा, जमेल.

समीक्षकांचे आकडे की खेळाडूंची मतं?

ऑक्टोबर २०१० मध्ये ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ आला. अणुयुद्धानंतरचं वाळवंट, चार गट, आणि कुणाची बाजू घ्यायची हे पूर्णपणे तुमच्यावर. गेम आला तेव्हा बगांनी भरलेला होता. मेटाक्रिटिकवर समीक्षकांची सरासरी ८५ आली तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता. सरासरी आली ८४. ही गोष्ट कंपनीच्याच एका प्रमुख लेखकाने २०१२ मध्ये उघड केली. आज कथाप्रधान गेमची चर्चा निघाली की न्यू व्हेगासचं नाव पहिल्या दोन-चारांत येतं. बग विसरले गेले, कथा राहिली.

२००४ च्या ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ची गोष्ट याहून पुढची. तो बनवणारी ट्रोइका कंपनी २००५ मध्येच बंद पडली. त्यानंतर चाहत्यांनीच वर्षानुवर्षं दुरुस्त्या करून तो गेम जिवंत ठेवला.

यावरून घ्यायचं ते इतकंच: समीक्षकाचा आकडा पहिल्या आठवड्याचा असतो आणि तो सहसा बदलत नाही. गेम तांत्रिकदृष्ट्या कसा आला, हे त्यातून कळतं. कथा टिकते का हे बघायचं असेल तर गेम येऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर लिहिलेली मतं वाचा. नवाकोरा गेम पहिल्या दिवशी घेण्याचं कोणतंही कारण मला तरी दिसत नाही. थांबणाऱ्याला किंमत कमी पडते, पॅच तयार मिळतात आणि मतंही पिकलेली असतात.

कथेबद्दलची मतं वाचताना पुढचं शोधा: निर्णयांचे परिणाम खरंच दिसतात की फक्त संवाद बदलतात? बोलून, चोरपावलांनी किंवा लढून असे वेगवेगळे मार्ग आहेत का? मुख्य कथा किती तासांची? (सायबरपंकची साधारण २५ तासांची, सगळं फिरलात तर त्याच्या तिप्पट-चौपट.) शेवटाबद्दल लिहिलेलं दिसलं की तिथून पळा.

भाषेचा प्रश्न बाहेरचे लोक मांडत नाहीत, कारण त्यांना तो पडत नाही. सायबरपंकमध्ये ना हिंदी आहे ना मराठी. संवाद वेगवान अमेरिकी इंग्रजीत, त्यात रस्त्यावरच्या शिव्या. खालची अक्षरं मोठी करता येतात, तरी इंग्रजी वाचनाचा सराव नसेल तर कथाप्रधान गेमची निम्मी मजा जाते आणि उरते ती फक्त गोळीबाराची. इंग्रजी कच्चं असेल तर न्यू व्हेगास जास्त सोयीचा. त्यात समोरचा बोलून झाला की तुम्ही उत्तर निवडेपर्यंत गेम थांबून राहतो.

तुमचा लॅपटॉप, तुमचं नेट

सायबरपंकची सध्याची किमान गरज अशी आहे:

- इंटेल कोअर आय७-६७०० किंवा एएमडी रायझन ५ १६०० प्रोसेसर
- १२ जीबी रॅम
- एनव्हिडिया जीटीएक्स १०६० (६ जीबी) किंवा एएमडी आरएक्स ५८० (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड
- एसएसडीवर ७० जीबी मोकळी जागा

कॉलेजसाठी घेतलेल्या ८ जीबी रॅमच्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर हा गेम घेऊ नका. ‘लो सेटिंगवर चालतो’ असे व्हिडिओ बघून तर मुळीच नको. त्यात चालतो म्हणजे सरकतो. अशा लॅपटॉपसाठी न्यू व्हेगास आहे, त्याला २ जीबी रॅम आणि १० जीबी जागा पुरते. २००० सालचा मूळ ‘ड्यूस एक्स’ आणि ‘ब्लडलाइन्स’ आहेत. जुन्या गेमची अडचण वेगळी असते. विंडोज १० आणि ११ वर ते कधी अडतात, म्हणून त्यांच्या अलीकडच्या मतांत ‘हा अमुक पॅच टाका’ असं काय लिहिलंय ते आधी वाचा.

आता नेट. दिवसाला २ जीबीचा मोबाइल पॅक असेल तर ७० जीबी उतरायला ३५ दिवस लागतील. स्टीमची रिफंडची मुदत खरेदीपासून १४ दिवसांची आहे. म्हणजे गेम उघडण्याआधीच हक्क संपला! खेड्यातल्या खरेदीदाराचं खरं नुकसान इथं होतं आणि याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूत एक ओळ सापडत नाही. उपाय असे:

१. आधी नेटची सोय, मग पैसे. लातूरला किंवा पुण्याला फायबरचं नेट असलेल्या नातेवाइकाकडे लॅपटॉप नेणार असाल तर तिथं पोचल्यावरच खरेदी करा. एका रात्रीत गेम उतरतो.
२. मित्राकडे तोच गेम स्टीमवर असेल तर त्याच्या गेमचं फोल्डर बाहेरच्या एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर आणा. तुमच्या स्टीमच्या फोल्डरमध्ये त्याच जागी ठेवा. मग स्वतःच्या खात्यावर गेम विकत घ्या आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम आधीच्या फाइल्स तपासतं आणि उरलेलं तेवढंच उतरवतं. यात बेकायदा काही नाही, कारण गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला असतो.
३. लाइट जाणार असेल त्या वेळी मोठा पॅच सुरू करू नका. स्टीम थांबलेलं डाउनलोड पुढे सुरू करतं, पण लिहिता लिहिता वीज गेली की एखादी फाइल बिघडू शकते. तसं झालं तर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्स तपासण्याचा पर्याय असतो. सगळा गेम पुन्हा उतरवण्याची गरज नसते.

तुमचे दोन तास कसे वापरायचे

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो, पैसे परत मिळतात. ते स्टीमच्या वॉलेटमध्ये घ्यायचे की ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, हे तुम्ही निवडता. दोन तास मोजले जातात ते गेम उघडल्यापासून. गेम थांबवून भाकरी खायला गेलात तरी घड्याळ चालूच राहतं.

म्हणून पहिली पंधरा मिनिटं कथेत घालवू नका. सायबरपंकच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये बेंचमार्कचा पर्याय आहे, तो आधी चालवा. सेकंदाला तीसपेक्षा कमी चित्रं दिसत असतील तर सेटिंग खाली आणा आणि पुन्हा चालवा. तरीही तीस गाठत नसेल तर खेळत बसू नका, त्याच दिवशी रिफंड मागा. तीस-चाळीस मिळाले तर पात्र घडवण्यात फार वेळ न घालवता थेट शहरात जा, गर्दीच्या रस्त्यावरून गाडी चालवा. गेम अडखळायचा असेल तर तिथंच अडखळतो.

इतर दुकानांचे नियम असे:

- एपिक: बहुतेक गेमना स्टीमसारखेच, १४ दिवस आणि दोन तास.
- जीओजी: ३० दिवस, खेळला असलात तरी. प्रतीला कुलूप नसतं.
- प्लेस्टेशन: १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. गेम सदोष असेल तर वेगळी मागणी करता येते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. गेम घेतला आणि दोन दिवसांनी सेल लागला, तर पहिली खरेदी परत करून लगेच सेलच्या भावात पुन्हा घेणं हा गैरवापर धरला जात नाही, असं स्टीमच्याच नियमांत लिहिलेलं आहे. वरच्या दोन्ही मर्यादा मात्र पाळलेल्या हव्यात. डिसेंबरअखेर आणि जूनअखेरीच्या सुमारास मोठे सेल असतात. २,९९९ रुपयांचा सायबरपंक तेव्हा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. पूर्ण किमतीला तो घेण्याची गरज नाही.

इथं फसाल

- ‘१९९ रुपयांत फुल गेम’. टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर हे चालतं. तुम्हाला दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड दिला जातो. खातं त्याचं, गेम त्याचा. चार महिन्यांनी पासवर्ड बदलला की तुम्ही बाहेर. अशा खरेदीला रिफंड नसतो.
- तिसऱ्याकडून घेतलेल्या की. स्वस्त असतात, पण स्टीम त्याचे पैसे परत देत नाही. की चोरीच्या कार्डाने घेतलेली निघाली तर गेम खात्यातून जाऊही शकतो.
- क्रॅक. आईच्या फोनपेचं लॉगिन, कॉलेजची कागदपत्रं, शेतीच्या अनुदानाचे फॉर्म ज्या लॅपटॉपवर आहेत त्यावर अनोळखी माणसाने दिलेली फाइल ‘अँटिव्हायरस बंद करून’ चालवायची? विचार करा.
- ‘रिफंड मिळवून देतो’ असा फोन. खरा रिफंड खात्यातूनच मागितला जातो. त्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कुणालाही द्यावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. उशीर झाला तर पैसे अडवणं कठीण होतं.

घरातल्या मोठ्यांसाठी

वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो: हे जुगारासारखं आहे का, बंदी आहे का? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. एकदा विकत घेऊन एकट्याने खेळायचा कथाप्रधान गेम त्यात येत नाही.

वयाचा प्रश्न मात्र खरा आहे. सायबरपंक युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. हिंसा, नशा, नग्नता, शिव्या सगळं त्यात आहे. नग्नता झाकण्याचा पर्याय सेटिंगमध्ये मिळतो, बाकीचं झाकता येत नाही. दहावीच्या मुलासाठी हा गेम नव्हे, मग खेळाडूंची मतं काहीही सांगोत. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर आणखी सावध राहा. गेम आला तेव्हा त्यातल्या एका चमकत्या दृश्याने आपल्याला फिट आल्याचं एका समीक्षकेने लिहिलं होतं. त्यानंतर कंपनीने ते दृश्य बदललं आणि इशारा ठळक केला. चांगल्या मताचं हेही एक काम असतं.

लॅपटॉप विकणाऱ्याने फसवलं तर

गेमच्या तीन हजारांपेक्षा लॅपटॉपच्या साठ-सत्तर हजारांत जास्त फसवणूक होते, म्हणून हक्काची भाषा मुख्यतः तिथं वापरा. ‘गेमिंग लॅपटॉप’ हे शब्द बिलावर लिहून घेऊन उपयोग नाही. ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण नाव, त्याची मेमरी, रॅम आणि एसएसडी हे सगळं बिलावर हवं. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन्ही कार्डं विकली जातात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार:

- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच प्रथा. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते.
- ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते.

आधी विक्रेत्याला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण त्याचे स्क्रीनशॉट जपा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे लॅपटॉप मुंबईच्या विक्रेत्याकडून मागवला असला तरी शिरूर अनंतपाळचा माणूस लातूरच्या आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. परदेशी कंपनीच्या एका गेमच्या पैशांसाठी आयोगापर्यंत जाण्यात मात्र तुमचाच वेळ जास्त जाईल. तिथं रिफंडची मुदत पाळणं हाच खरा उपाय.

आणि तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा

गेम खेळून झाला की चार ओळी लिहा. ‘लई भारी’ किंवा ‘भंगार’ एवढ्यावर सोडू नका. लॅपटॉपचं मॉडेल, रॅम, ग्राफिक्स कार्ड, गेमची आवृत्ती, किती तास खेळलात, कुठं अडलं आणि कथेने कुठं धरून ठेवलं, हे लिहा. शेवट सांगू नका. तुमच्यासारखाच लॅपटॉप घेऊन निलंग्यात किंवा उदगीरमध्ये बसलेल्या पोराला दणकट पीसीवाल्या समीक्षकापेक्षा तुमच्या या चार ओळी जास्त उपयोगी पडतील.